शंभरांतली एक प्रत : तुलूझ-लोत्रेकच्या ‘एल’ मालिकेच्या आधाराने शिळाछाप चित्र पारखायला शिकताना

पॅरिसमधील प्रकाशक आंद्रे मार्ती याने १८९३ मध्ये ‘लेस्तांप ओरिजिनाल’ या नावाने छापचित्रांचे संच काढण्यास सुरुवात केली, तेव्हा पहिल्या वर्षीच्या वेष्टनाचे चित्र त्याने आँरी द तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराकडून करून घेतले. लोत्रेकने चित्रासाठी विषय निवडला तो छापखान्याचाच. मागच्या बाजूला कोतेल नावाचा वयस्क कारागीर शिळायंत्र चालवत आहे आणि पुढे झान आव्रिल ही त्या काळातील प्रसिद्ध नर्तकी नुकताच छापून निघालेला ताव हातात धरून निरखत उभी आहे. या वेष्टनाच्याही शंभरच प्रती काढल्या होत्या. छापचित्र कसे पाहावे, असे कोणी नवख्याने विचारले की मी आधी हे चित्र दाखवतो, कारण झान आव्रिलला त्यात चौकटही नाही, काचही नाही आणि शेजारी बोलणारा विक्रेताही नाही.

मर्यादित आवृत्तीचे शिळाछाप चित्र विकत घेण्याचा, वारशात मिळालेले तपासण्याचा किंवा नुसते नीट समजून घेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर प्रथमच येतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून लोत्रेकचीच ‘एल’ ही १८९६ ची, शंभर प्रतींत काढलेली मालिका घेतली आहे. तिच्या आवृत्तीची आखणी प्रकाशकाने इतकी काटेकोर केली होती की कागद, शिक्का, क्रमांक आणि रेषा या चारही गोष्टी एकाच तावावर शिकता येतात.

आधी शब्दाचा घोळ सोडवावा

‘लिथोग्राफ’ हा शब्द बाजारात दोन निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो आणि नवख्याची पहिली फसगत येथेच होते. मुळातला लिथोग्राफ म्हणजे शिळाछाप. आलोइस सेनेफेल्डर याने बव्हेरियात अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढलेली ही पद्धत पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्या साध्या गोष्टीवर उभी आहे. झोल्नहोफेन येथील बारीक कणांचा चुनखडीचा दगड घासून सपाट केला जातो. त्यावर चित्रकार तेलकट खडूने किंवा तेलकट शाईने थेट चित्र काढतो. त्यानंतर बाभळीच्या डिंकाचे आणि सौम्य आम्लाचे मिश्रण लावून दगडाचा कोरा भाग पाणी धरून ठेवील असा केला जातो. मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट रेषांना चिकटते आणि वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उलटे होऊन कागदावर उतरते. रंग जितके, तितके दगड, आणि तोच ताव तितक्या वेळा अचूक जागी बसवून छापायचा.

दुसरी वस्तू म्हणजे आधीच असलेल्या चित्राचे छायाचित्र घेऊन यंत्रावर केलेली ऑफसेट छपाई. तिलाही तांत्रिक अर्थाने लिथोग्राफ म्हणता येते, त्यामुळे विक्रेता खोटे बोलत असतोच असे नाही, परंतु त्या कागदाचा आणि चित्रकाराच्या हाताचा संबंध केवळ छायाचित्रापुरता असतो.

मराठी वाचकाला खरे तर हे शिकायला फार लांब जावे लागू नये. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवरूनच मराठी छपाईचा व्यवसाय सुरू केला होता. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून देवादिकांची आणि पेशवाईतील पुरुषांची शिळाछाप चित्रे घरोघर पोहोचवली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आजोळच्या भिंतीवर यांपैकी एखादे चित्र पाहिलेले पुष्कळजण आहेत. ती चित्रे अस्सल शिळाछापच होती, मात्र ती जास्तीत जास्त घरांत जावीत या हेतूने छापली गेली आणि दगडावर चित्र उतरवण्याचे काम बहुतेक वेळा मूळ चित्रकाराऐवजी छापखान्यातील कारागीर करीत. लोत्रेकच्या बाबतीत दगडावरचा हात त्याचा स्वतःचा होता आणि प्रतींची संख्या मुद्दाम थोडी ठेवली होती. ‘अस्सल शिळाछाप’ आणि ‘मर्यादित आवृत्ती’ हे दोन वेगळे गुण आहेत, हे या तुलनेतून एकदा लक्षात आले की पुढची तपासणी सोपी जाते.

चित्रकार आणि त्याची मालिका

तपासणीच्या आधी चित्रकाराविषयी थोडे वाचावे, कारण त्याच्या सवयी ठाऊक नसतील तर कागदावरच्या खुणांचा अर्थ लागत नाही. लोत्रेकचा जन्म २४ नोव्हेंबर १८६४ रोजी दक्षिण फ्रान्समधील आल्बी येथे एका जुन्या सरदार घराण्यात झाला. त्याचे आईवडील एकमेकांची सख्खी मावसभावंडे होती. किशोरवयात दोन अपघातांत त्याच्या दोन्ही मांड्यांची हाडे मोडली आणि नंतर पायांची वाढ खुंटली. पॅरिसमध्ये लेओं बोना आणि फेर्नां कोर्मों यांच्याकडे शिक्षण घेऊन तो माँमार्त्र भागात रमला. १८९१ मध्ये ‘मूलँ रूज’ या नृत्यगृहासाठी त्याने केलेल्या भित्तिपत्रकाने त्याचे नाव शहरभर झाले. पुढच्या जेमतेम दहा वर्षांत त्याने साडेतीनशेच्या आसपास शिळाछाप चित्रे केली. ९ सप्टेंबर १९०१ रोजी, सदतिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच तो वारला.

या माहितीतील आपल्या कामाचा भाग असा की लोत्रेक छापखान्यात जाऊन कारागिरांबरोबर काम करणारा चित्रकार होता. खडू आणि कुंचला यांच्याबरोबर तो शिंतोड्यांचे तंत्र वापरीत असे. शाईत बुडवलेल्या ताठ केसांच्या ब्रशावरून पाते ओढून दगडावर बारीक तुषार उडवायचे आणि त्यातून धुरकट, दाणेदार छटा मिळवायची, असे ते तंत्र होते. हे शिंतोडे पुढे भिंगाखाली आपल्या उपयोगी पडणार आहेत.

‘एल’ हे फ्रेंच सर्वनाम स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. त्याचा मराठीत नेमका अर्थ ‘त्या’ असा होतो, आणि इंग्रजीसारख्या भाषेत ज्यासाठी जास्त शब्द लागावेत ते मराठीत एका अक्षराच्या शब्दात भागते, याचे मला नेहमी समाधान वाटते. त्या म्हणजे पॅरिसच्या वेश्यागृहांतील स्त्रिया. लोत्रेक अशा घरांत दीर्घकाळ ये-जा करीत असे, काही वेळा तेथेच मुक्काम ठोकीत असे. वेष्टन, मुखचित्र आणि दहा चित्रे अशी ही मालिका गुस्ताव पेले याने प्रकाशित केली, ओग्युस्त क्लो याने छापली आणि एप्रिल १८९६ मध्ये ती ‘ला प्लूम’ या नियतकालिकाच्या दालनात मांडली गेली. पेले शृंगारिक चित्रांचा प्रकाशक म्हणून ओळखला जाई, त्यामुळे ग्राहकांनी काहीतरी चावट पाहायला मिळेल अशी अपेक्षा केली असणार. प्रत्यक्षात त्यांना टबात पाणी ओतणारी, केस विंचरणारी, हातआरशात पाहणारी, थकून पाठीवर पडलेली बाई दिसली. चित्रांतून गिऱ्हाईक जवळपास हद्दपार आहे. मुखचित्रात बाईच्या पलीकडे ठेवलेली पुरुषाची उंच टोपी आणि ‘काँकेत द पासाज’ या चित्रात कॉर्सेटच्या दोऱ्या सोडवणाऱ्या बाईकडे बसून पाहणारा माणूस, एवढाच काय तो अपवाद. मालिका अखंड संच म्हणून फारशी खपली नाही आणि पेलेला चित्रे सुटी विकावी लागली. आज सुटे ताव आढळतात त्यामागे हे व्यापारी अपयश आहे.

दहांपैकी सर्वांत जास्त ओळखीचे चित्र म्हणजे ‘बसलेली विदूषकीण’. तिच्यासाठी समोर बसली होती शा-उ-काओ, मूलँ रूजमध्ये काम करणारी कलाकार. पिवळी झालरदार गळपट्टी, काळा घट्ट पायमोजा, पाय फाकवून आणि हात गुडघ्यांमध्ये जुळवून बसण्याची पद्धत, आणि सरळ आपल्याकडे रोखलेली थकलेली नजर. ती वेश्यागृहातली नव्हे, तरीही ‘त्यां’च्यात आहे. कामाच्या दोन फेऱ्यांमधला विसावा हा धागा लोत्रेकला महत्त्वाचा वाटला असावा, असे मला वाटते.

भिंग

आता चित्र हातात आले आहे असे धरू. सर्वप्रथम ते चौकटीबाहेर काढून मागावे. काचेआडच्या चित्राबद्दल कोणीही ठाम मत देऊ नये आणि चौकट उघडण्यास विक्रेता तयार नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. हात स्वच्छ व कोरडे करून, ताव दोन्ही बाजूंनी उचलून टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि दसपट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे. घड्याळजींकडे असते तसे भिंग पुरते.

पाहायचे आहे ते रंगाच्या कणांचे स्वरूप. दगडावर खडू ओढला की तो दगडाच्या खरखरीतपणाच्या उंचवट्यांवरच चिकटतो, म्हणून भिंगाखाली रेष ओबडधोबड, वेड्यावाकड्या दाण्यांची बनलेली दिसते. दाट ठिकाणी दाणे एकमेकांत मिसळतात, हलक्या ठिकाणी विरळ होतात. लोत्रेकचे शिंतोडे लहानमोठे, कोठे एकमेकांवर चढलेले, कोठे लांबट झालेले असतात. दोन रंग जेथे एकावर एक छापले गेले तेथे तिसरी छटा तयार झालेली आणि क्वचित एक रंग केसभर सरकलेला दिसतो. हा सरकलेला रंग हाताने ताव बसवल्याची खूण आहे, त्याला दोष समजू नये.

याउलट ऑफसेट प्रतिकृतीत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांचे ठिपके ठरावीक अंतराने, ठरावीक कोनात मांडलेले असतात आणि त्यांची छोटी छोटी फुले झालेली दिसतात. वर्तमानपत्रातील रंगीत चित्र भिंगाखाली धरून हा नमुना आधी डोळ्यांत बसवून घ्यावा. मी सुरुवातीच्या दिवसांत एका दुकानातून ‘हस्ताक्षरित, मर्यादित आवृत्ती’ असे सांगून दिलेले एक चित्र घेतले होते. खाली पेन्सिलीने अपूर्णांकात क्रमांक होता, सही होती, कागदही जाड होता. घरी आल्यावर भिंग लावले, तर सहीखालच्या संपूर्ण चित्रभर ती चौरंगी फुले पसरलेली होती. सही खरी होती की नाही हे शोधण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ठिपके दिसले म्हणजे नकली, असा निष्कर्ष घाईने काढू नये. रविवर्मा छापखान्याच्या रंगीत शिळाछापांतही ठिपके असतात, पण ते कारागिराने हाताने टिंबटिंब करून घातलेले असल्यामुळे त्यांचा आकार आणि अंतर सारखे नसते. निकष ठिपक्यांच्या असण्याचा नाही, त्यांच्या यांत्रिक नियमितपणाचा आहे. घरी असलेली जुनी रविवर्मा प्रत आणि आजचे छापील कॅलेंडर शेजारी ठेवून पाहिली की हा फरक पाच मिनिटांत समजतो, आणि या अभ्यासाला काही खर्चही येत नाही.

कागद, शिक्का आणि क्रमांक

भिंगानंतर ताव उजेडासमोर धरावा. ‘एल’साठी पेलेने खास कागद वापरला होता. त्यात कागद बनवतानाच ‘जी. पेले / टी. लोत्रेक’ असे जलचिन्ह रोमन अक्षरांत घातलेले आहे आणि ते प्रकाश मागून आला की दिसते. तावाचे माप सुमारे ५२ बाय ४० सेंटिमीटर. माप याहून बरेच कमी भरले तर समास कापला गेला आहे असे समजावे. समास कापणे म्हणजे नुसता कोरा कागद जाणे नव्हे. प्रकाशकाच्या खुणा समासातच असतात.

‘एल’च्या प्रतींवर पेलेचा शिक्का आणि शाईने हाती लिहिलेला संचाचा क्रमांक व आद्याक्षरे आढळतात. अशा खुणांची नोंद करणारा संदर्भग्रंथ फ्रिट्स लुख्त या डच अभ्यासकाने १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक शिक्क्याला क्रमांक आहे, आणि लिलावाच्या सूचींत ‘लुख्त’ या नावापुढे आकडा दिसतो तो याच ग्रंथातला. लोत्रेकचे आद्याक्षरांचे गुंफलेले चिन्ह मात्र वेगळी गोष्ट आहे. ते त्याने दगडावर काढलेले असेल तर चित्राबरोबर छापले जाते, म्हणजे प्रतिकृतीतही ते जसेच्या तसे येणार. नवखा माणूस सर्वांत आधी सही शोधतो आणि दगडावरच्या सहीने समाधान मानतो. त्या सहीवरून चित्रकार कोण एवढेच कळते, हातातला कागद कोणता हे कळत नाही.

क्रमांकाविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. अपूर्णांकात लिहिलेल्या क्रमांकात खालचा आकडा आवृत्तीतील एकूण प्रतींचा आणि वरचा या प्रतीचा, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु आकडा लहान म्हणजे छाप चांगली, हे शिळाछापाला सहसा लागू पडत नाही. तांब्याच्या पत्र्यावर सुईने नुसते ओरखडून केलेल्या चित्रात रेषेच्या कडा प्रत्येक दाबाखाली झिजतात, तेथे आधीच्या प्रतींना अर्थ असतो. दगड शंभर प्रतींत तसा झिजत नाही. शिवाय अनेक रंगांचे ताव वाळवून, जुळवून, नंतर एकत्र क्रमांकित केले जातात, त्यामुळे सातवा क्रमांक सातव्यांदा छापला गेला असेलच असे नाही.

पेलेचा क्रमांक संचाचा होता, यातून एक साधे पण उपयोगी गणित निघते. एकाच क्रमांकाची दोन वेगळी चित्रे सापडली तर आश्चर्य नाही, ती एकेकाळी एकाच संचात होती. मात्र एकाच चित्राच्या दोन प्रती एकाच क्रमांकाच्या दिसल्या तर त्यांपैकी किमान एकीबद्दल प्रश्न विचारायला हवेत. म्हणून समोरच्या प्रतीचा क्रमांक संग्रहालयांच्या आणि जुन्या लिलावांच्या नोंदींत शोधून पाहावा.

आवृत्तीबाहेरच्या प्रतीही असतात. रंग जमवताना काढलेल्या चाचणी प्रती असतात, शिवाय चित्रकारासाठी राखलेल्या प्रतींवर ई.ए., विक्रीबाहेरच्या प्रतींवर एच.सी. आणि ‘अशीच छापा’ अशी मंजुरी दिलेल्या प्रतीवर बी.ए.टी. अशी फ्रेंच आद्याक्षरे लिहिलेली सापडतात. त्यांचे मोल कधी आवृत्तीतील प्रतीपेक्षा जास्तही असते, पण नवख्याने पहिल्या खरेदीत या वाटेला जाऊ नये. एखाद्या आवृत्तीत अशा जादा प्रतींची संख्या फुगलेली दिसली तर ‘मर्यादित’ या शब्दाबद्दल शंका घेण्यास जागा आहे.

सूचीशी ताळा

यानंतर चित्राचा ताळा साधार सूचीशी घ्यावा. लोत्रेकच्या छापचित्रांची पहिली मोठी सूची लॉइस देल्तेय याने १९२० मध्ये केली आणि तिच्यात ‘एल’ची चित्रे १७९ ते १८९ या क्रमांकांवर आहेत, बसलेली विदूषकीण १८० वर. वोल्फगांग विट्रॉक याची १९८५ ची सूची अधिक अलीकडची आहे. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट यांनी आपल्याकडील लोत्रेकची छापचित्रे मोठ्या आकारात सर्वांना पाहता येतील अशी ठेवली आहेत. आपल्या तावावरील एखादा ठळक शिंतोडा निवडावा आणि तो त्या प्रतीत त्याच जागी आहे का ते पाहावे. तोच दगड असेल तर शिंतोडाही तोच असतो. नव्याने हाताने नक्कल केलेल्या चित्रात चेहरा हुबेहूब जमतो, पण पार्श्वभूमीतले शेकडो तुषार कोणी मोजून उडवत नाही. छायाचित्रावरून केलेल्या नकलेत मात्र तुषारही जागेवर येतात, म्हणून ही कसोटी भिंगाच्या कसोटीनंतरच लावायची.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे : चित्राचे नाव, वर्ष, सूचीक्रमांक, आवृत्तीची संख्या, तावावरील खुणा, तावाचे माप, केलेली दुरुस्ती आणि वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास परत घेण्याची हमी. पूर्वी ती कोणाकडे होती याची बिले असतील तर त्यांच्या प्रती मागाव्यात. प्रमाणपत्र म्हणून दिल्या जाणाऱ्या सोनेरी किनारीच्या कागदाला मी स्वतः फारसे महत्त्व देत नाही. त्यावर कोणाची सही आहे आणि ती व्यक्ती या चित्रकाराबद्दल काय जाणते, हे कळल्याशिवाय तो केवळ कागद आहे.

चित्राची अवस्थाही याच वेळी टिपून ठेवावी. जुन्या माऊंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या, खिडकीएवढा भाग पिवळा आणि बाहेरचा पांढरा असेल तर त्यावर वर्षानुवर्षे उजेड पडला आहे. तांबूस ठिपके ओलाव्याचे असतात. ताव पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेला असेल तर किंमत बरीच खाली यायला हवी, कारण तो सोडवणे तज्ज्ञाचे आणि खर्चाचे काम आहे.

घरी आणल्यानंतर

पॅरिसच्या थंड कोरड्या खोलीसाठी बनलेला कागद कोकणपट्टीतल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ठेवायचा आहे, हे विसरू नये. फ्रेमवाल्याला आम्लरहित माऊंट वापरण्यास सांगावे आणि ताव काचेला टेकणार नाही एवढे अंतर ठेवायला लावावे. ताव माऊंटला फक्त वरच्या कडेशी, जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावावा. खळ पाण्याने सुटते. सेलोटेप आणि रबरी डिंक यांचे डाग कागदात मुरतात व निघत नाहीत, म्हणून फ्रेमवाला ‘काही होत नाही’ म्हणाला तरी त्यांना नकार द्यावा. बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये, कारण पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. खिडकीसमोरही नको, कागदावरील चित्रांसाठी संग्रहालये साधारण ५० लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी चित्र उतरवून अंधारात विसावू देतात.

पाऊस सरला की, दसऱ्याच्या साफसफाईच्या सुमारास, चौकट भिंतीवरून उतरवून मागची बाजू उघडावी, माऊंटच्या कडांना कसर लागली आहे का, बुरशीचा वास येतो का ते पाहावे आणि तारीख घालून दोन ओळींची नोंद खरेदीच्या कागदांबरोबर ठेवावी.